आदर्श शाळा, चोरीचे टॅब

निवृत्त झालेल्या बाईने काय करावं, याबद्दल नाशिकमध्ये सगळ्यांची मतं आधीच ठरलेली असतात. माझ्या नणंदेचं मत होतं, मी भजनी मंडळात जावं. शेजाऱ्यांचं मत होतं, मी त्यांच्या नातवाला फुकट गणित शिकवावं. मी दोन्ही मतं नीट ऐकून घेतली आणि गंगापूर रोडवरच्या एका काचेच्या इमारतीत नोकरी धरली. काम काय, तर मुलांचे प्रश्न नापास करायचे. जन्मभर मुलं नापास केली, आता प्रश्न. आमचे हे म्हणाले, "बढती मिळाली म्हणायची."

कंपनीचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण आमच्या घरी उशीचे अभ्रे बदलतात त्याहून लवकर या कंपन्या नावं बदलतात. पण तिची कल्पना चांगली होती, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी बरंच वाकडं बोलणार आहे.

शाळेत आजवर बाई प्रश्न घालायच्या आणि मुलं सोडवायची. इथे उलटं होतं. मुलाने स्वतः प्रश्न तयार करायचा, खाली चार पर्याय द्यायचे आणि शाळेच्या टॅबवरून पाठवायचा. जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्या तरी शाळेतलं मूल तो सोडवायचं आणि आपलंच उत्तर बरोबर का, ते एका वाक्यात लिहायचं. ते उत्तर प्रश्न घालणाऱ्याकडे परत जायचं. त्याने 'पटलं' किंवा 'पटलं नाही' यातलं एक बटण दाबायचं, आणि नाही पटलं तर का, ते लिहायचं. दोघांनाही एकेक तारा मिळायचा. ज्याला भागाकार कळलेला नाही त्याला भागाकाराचा प्रश्न घालता येत नाही, ही गोष्ट मला शिकवता शिकवता केस पांढरे झाल्यावर उमगली. या लोकांनी ती पहिल्याच पानावर छापली होती. मला जरा रागच आला.

मुलांनी पाठवलेला प्रश्न आधी मशीन तपासायचं. मशीनला जो कळायचा नाही तो माझ्या टेबलावर यायचा, मशीनच्या शेऱ्यासकट. शेरा बहुतेक वेळा एकच असायचा: 'अपुरी माहिती'. मग मी चष्मा पुसायचा, प्रश्न वाचायचा आणि मंजूर किंवा नामंजूर दाबायचं. त्याशिवाय रोज एक 'आजचा प्रश्न' निवडायचा. तो सगळ्या जिल्ह्याला दिसे. एवढीच माझी सत्ता, पण मी ती तोऱ्यात वापरत असे.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नग होती. कॉलेज रोडच्या एका चौथीतल्या मुलाने रेल्वेगाड्यांवर असा प्रश्न घातला, की तो सोडवायला मला कागद घ्यावा लागला. मी घरी फोन लावला. मुलानेच उचलला.

"बाळ, हा प्रश्न तू घातलास?"

"हो."

"मग यात 'क्ष' कशासाठी मानलाय?"

"थांबा हं. बाबा आंघोळीला गेलेत."

बाबा ओल्या अंगाने फोनवर आले आणि प्रश्न नामंजूर झाला म्हणून माझ्याशीच भांडले. मुलाचे तारे शेजारच्या ईशानपेक्षा कमी पडत होते म्हणे. मी त्यांना सांगितलं, तुम्ही स्वतःच्या नावाने चौथीत बसा, मी प्रश्न लगेच मंजूर करते. त्यांनी माझी तक्रार केली. ती तपासायला माझ्याकडेच आली.

विंचूरकडच्या एका गुरुजींनी तर कमाल केली. एका सकाळी त्यांच्या शाळेतून प्रश्न आला, एका शेतकऱ्याने मार्केटला बारा क्विंटल कांदा नेला. पुढचा आला, एका शेतकऱ्याने तेरा क्विंटल कांदा नेला. मग चौदा, मग पंधरा. दुपारपर्यंत तो एकटा शेतकरी सगळ्या मार्केटला झाकून टाकील एवढा कांदा घेऊन उभा होता. मी गुरुजींना फोन केला.

"मॅडम, प्रत्येक मुलानं रोज एक प्रश्न घालायचा असा आदेश हाय," गुरुजी म्हणाले. "माझ्याकडं पोरं लय. मग क्विंटल वाढवत न्यायचं, दुसरं काय करायचं? ठिपका हिरवा झाला का नाय, तेवढं सांगा."

ठिपका हिरवा झाला होता. आमच्या कचेरीतल्या भिंतीवर जिल्ह्याचा मोठा नकाशा होता आणि त्यावर प्रत्येक शाळेचा एक ठिपका. प्रश्न आले की हिरवा, नाही आले की लाल. मोठी माणसं भेटीला आली की या भिंतीसमोर उभी राहायची, "वा, हिरवं होतंय," म्हणायची आणि चहा घेऊन जायची. आत काय प्रश्न आहेत ते कुणीही कधी उघडून पाहिलं नाही. पीक हिरवं दिसलं की झालं, कणसात दाणा आहे का ते बघायला कोण वाकतंय!

या कांद्याच्या ढिगात एक शाळा मात्र मी मुद्दाम शोधून वाचत असे. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. तिथे एकच शिक्षक, भोये सर. त्यांची नि माझी तेव्हा भेट नव्हती, पण त्यांच्या मुलांचा एकही प्रश्न मशीनला कळत नसल्यामुळे ती सगळी मुलं माझ्याच वाट्याला आली होती. त्यात पाचवीतली सुरेखा नावाची मुलगी होती. तिचा पहिला प्रश्न मला अजून पाठ आहे. 'घरात नागलीच्या सात भाकरी. माणसं सात. पाव्हना आला. आता भाकरी किती? सहा, सात, आठ, का पाव्हन्याला विचारायचं?' मशीनचा शेरा: अपुरी माहिती.

मी मंजूर केला. शहरातल्या एका मुलाने उत्तर दिलं, आठ, कारण पाहुणे आले की आई आणखी एक टाकते. सुरेखाने 'पटलं नाही' दाबलं आणि खाली लिहिलं, 'पीठ तेवढंच हाय.' मुलाने परत विचारलं, मग तुमच्याकडे पाहुणा काय खातो? तिने लिहिलं, 'भाकरी. आमी चतकोर चतकोर मोडून देतो.' मुलाने त्यावर अपूर्णांकात हिशेब करून पाठवला आणि तो बरोबर होता. अपूर्णांक शिकवण्यात माझी हयात गेली, पण असा वर्ग मला कधी जमला नाही. त्या दिवशी मी कचेरीत सगळ्यांना चहा पाजला. कशाबद्दल ते कुणी विचारलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका शुक्रवारी आमची बैठक होती. बैठक घेणारा सोहम, आमचा प्रमुख. माझ्या धाकट्या मुलापेक्षा लहान, स्वभावाने गोड, पण ठिपक्यांपलीकडे जग आहे यावर त्याचा विश्वास नव्हता. त्याने पडद्यावर पहिलं पान लावलं, 'सर्वाधिक सक्रिय शाळा'. पहिला नंबर भोये सरांच्या शाळेचा! जिल्ह्याचे शिक्षणातले मोठे साहेब नाशिकला कार्यक्रमात स्वतः त्यांना आदर्श शाळेचं मानपत्र देणार होते. मी टाळ्या वाजवल्या. मग चारदोन पानं झाल्यावर आलं, 'संशयास्पद हालचाल'. प्रत्येक शाळेभोवती नकाशावर एक अदृश्य कुंपण घातलेलं असायचं. टॅब त्याच्या बाहेर गेला की मशीन बोंब मारायचं. पेठच्या एका शाळेचे सहाच्या सहा टॅब दिंडोरी तालुक्यात सापडले होते. रोज सकाळी ते एकदम वेगाने हलतात, असंही खाली लिहिलं होतं.

"मॅम, बेसिकली थेफ्ट आहे," सोहम म्हणाला. "शिक्षकांनी विकले असणार. पत्र तयार आहे. नोटीस निघेल आणि टॅब जप्त होतील."

मी शाळेचं नाव वाचलं. "अरे, ही तीच शाळा आहे."

"कोणती?"

"आदर्श!"

सोहमने पहिलं पान लावलं, मग शेवटचं, मग परत पहिलं. "मॅम, तो वेगळ्या टीमचा डेटा आहे."

"टीम दोन असतील रे. शाळा एकच आहे."

एकाच माणसाला शाल द्यायचं पत्र आणि नोटीस द्यायचं पत्र शेजारी शेजारी तयार होती, आणि दोन्हींवर सोमवारी सही व्हायची होती. भोये सरांना फोन लावला तर ते संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मी म्हटलं, सही करण्याआधी एकदा डोळ्यांनी बघून येऊ. सोहमला डोळ्यांनी बघायची सवय नव्हती, पण तो तयार झाला. रविवारी निघालो, त्याची मिसळ बुडाली.

दिंडोरीच्या पुढे गाडी आत वळली तसा सोहम फोनवरचे सहा ठिपके बघून पुढे सरकला. "मॅम, ते पळतायत! एकदम सरळ रेषेत!"

"द्राक्षबागेत माणूस ओळीतूनच पळतो," मी म्हटलं. "आडवा पळाला तर तारेत अडकेल."

बागेच्या तोंडाशी मालक उभे होते. त्यांना सगळे नाना म्हणत. त्यांनी गाडीकडे बघून विचारलं, "औषधाच्या कंपनीचे का? आमची फवारणी आत्ताच झाली."

"नाही, प्रश्नांच्या कंपनीचे."

"प्रश्नांची पण कंपनी असती?" नाना म्हणाले. "इकडं तं फुकट पडल्यात."

त्यांनी आम्हाला आत नेलं. मांडवाखाली पेठकडची कुटुंबं विरळणीला बसली होती. विरळणी म्हणजे घडातले जास्तीचे मणी बारीक कात्रीने काढायचे, म्हणजे उरलेले मोठे होतात. भात काढून झाला की ही माणसं पोराबाळांसकट इकडे येतात. कडेला दोन ओळींच्या मध्ये तारेला एक फळा टांगलेला, समोर अकरा मुलं, त्यांच्या हातात सहा टॅब, आणि फळ्याशी खडू घेऊन एक किडकिडीत माणूस. सोहमच्या शर्टावर कंपनीचं नाव बघताच त्या माणसाच्या हातातला खडू पडला. ते भोये सर.

रोज सकाळी टॅब वेगाने का हलतात, हे पण कळलं. फवारणीचा ट्रॅक्टर आला की मुलं टॅब पोटाशी धरून धूम ठोकत. औषध उडून काच खराब होऊ नये म्हणून. चोरीच्या मालाची एवढी काळजी मी कुठे पाहिली नाही. चार्जिंग नानांच्या पंपाच्या खोलीत होत असे.

भोये सरांनी आधी खडू उचलला. मग म्हणाले, "मॅडम, वर्गात एकोणीस मुलं. आठ गावात राहिली, अकरा इकडं आली. सोमवार ते शनिवार मी तिकडे असतो, रविवारी गाडी काढून इकडे येतो. बाकीचे दिवस ही टॅबवर एकमेकांना प्रश्न घालतात. तिकडच्या आठ जणांना मी फळ्यावरच शिकवतो."

"पण सर, टॅब शाळेतच ठेवायचा असा रूल आहे," सोहम म्हणाला.

"तिकडं ठेवला तर रेंजसाठी टाकीवर चढावं लागतं. नाहीतर कपाटात. कपाटात उंदीर आहेत साहेब, पण ते प्रश्न घालत नाहीत."

सोहम हसला आणि मग हसल्याबद्दल ओशाळला. भोये सर हसले नाहीत. त्यांनी हळू आवाजात मला विचारलं, "नोटीस येणार का? खरं सांगतो मॅडम, पाचावर धारण बसलीये. घरी बायकोला सांगितलेलं नाही. टॅब पाहिजे तर घेऊन जा. फक्त विरळणी उरकेपर्यंत थांबता आलं तर बघा."

मला त्या माणसाचा हेवा वाटला, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मी चार भिंतींच्या आत, पंख्याखाली, हजेरी लावून आलेल्या मुलांना शिकवलं. हा माणूस आलेल्यांनाही शिकवत होता आणि गेलेल्यांनाही. सोहम बांधावर बसून फोनमध्ये कारण भरायचा प्रयत्न करत होता. टॅब कुंपणाबाहेर का, याला मशीनने तीनच पर्याय दिले होते: हरवला, चोरीला गेला, नादुरुस्त. 'मुलांबरोबर गेला' असा पर्याय कुणाला सुचलाच नव्हता.

"मॅम, यातलं काहीतरी टाकावंच लागेल," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

दोन वेण्या घातलेली एक मुलगी मघापासून आमचं बोलणं ऐकत उभी होती. मी नाव विचारलं. सुरेखा! ती मला ओळखत नव्हती, मी मात्र तिला भाकरीपासून ओळखत होते. मी म्हटलं, तुझे प्रश्न मी वाचते. ती म्हणाली, "मग उत्तर का नाय देत?" मी म्हटलं, माझं काम फक्त वाचायचं आहे. तिला ते काम फारसं पटलेलं दिसलं नाही.

सोमवारी मी कचेरीत पोचले तेव्हा तिचा प्रश्न माझ्या टेबलावर येऊन पडलेला होता. 'आमच्या वर्गात एकोणीस मुलं. आठ गावात. अकरा बागेत. सर एकच. सरांनी कुठं शिकवायचं? अ) गावात. ब) बागेत. क) दोन्हीकडं. ड) कुठंच नाय.' मशीनचा शेरा नेहमीपेक्षा सविस्तर होता: 'हे गणित नाही. नामंजूर करावे.'

मी मंजूर दाबलं. सोहमला म्हटलं, नोटिशीवरची सही चार दिवस थांबव, कार्यक्रम होऊ दे. तो म्हणाला, शालीचं पत्र गेलंच आहे मॅम, नोटिशीचं कार्यक्रमानंतर नक्की जाणार, मशीन रोज आठवण करतंय. मग कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी 'आजचा प्रश्न' म्हणून आयताच्या क्षेत्रफळाचा एक सुरेख प्रश्न बाजूला ठेवला आणि सुरेखाचा लावला. कार्यक्रमात साहेब 'आजचा प्रश्न' सगळ्यांसमोर स्वतः सोडवणार होते, हे मला माहीत होतं. वय झालं की माणसाच्या हातून अशा चुका होतातच.

सभागृह भरलं होतं. कांद्याचे गुरुजी होते, त्यांच्या शाळेचा तिसरा नंबर होता. कॉलेज रोडचे बाबा मुलासकट पुढच्या रांगेत. भोये सर व्यासपीठावर शाल पांघरून, हातात नारळ धरून असे बसले होते, की जणू आता त्यांना फाशीच द्यायची आहे. शेजारी सुरेखा, मांडीवर टॅब. साहेबांनी भाषणात मुलांना प्रश्न विचारू द्या, असं बऱ्याच वेळा सांगितलं. मग निवेदिका म्हणाली, "आता साहेब स्वतः एका विद्यार्थिनीचा प्रश्न सोडवतील!" साहेबांच्या नावाने टॅब उघडला आणि मोठ्या पडद्यावर प्रश्न आला.

साहेबांनी तो मोठ्याने वाचायला घेतला. एकोणीस, आठ, अकरा इथपर्यंत आवाज खणखणीत होता. 'सर एकच' पाशी तो जरा उतरला. त्यांनी भोये सरांकडे पाहिलं. भोये सरांनी नारळाकडे पाहिलं. 'अ' म्हणावं तर बागेतली मुलं गेली. 'ब' म्हणावं तर नियम गेला. 'ड' म्हणावं तर बातमी झाली. सभागृहात कुणीतरी खोकलं.

साहेबांनी 'क' दाबलं. कारणाच्या जागी टाइप केलं, 'प्रत्येक मुलापर्यंत शिक्षण पोहोचले पाहिजे.' प्रचंड टाळ्या पडल्या. कांद्याच्या गुरुजींनी सर्वांत जोरात वाजवल्या.

सोहम माझ्या कानाशी आला. त्याचा चेहरा उजळला होता. "मॅम, हे साहेबांच्या लॉगिनमधून गेलंय. म्हणजे दोन्हीकडे शिकवायला लेखी मान्यता आहे. मी कुंपण वाढवू शकतो. थेफ्ट आपोआप रद्द!" मशीनसारखा बोलूनही तो मला जन्मात पहिल्यांदा आवडला.

मी त्याला शाबासकी देणार, तेवढ्यात टाळ्या एकदम थांबल्या. सगळे पडद्याकडे बघत होते. मुलाचा अभिप्राय लगेच खाली दिसतो, ही आमच्या यंत्रणेची खासियत आम्ही सगळ्यांना कौतुकाने सांगत असू. साहेबांच्या उत्तराखाली मोठ्या अक्षरांत उमटलं होतं: 'पटलं नाही.' आणि त्याखाली सुरेखाचं कारण: 'सर एकच हाय.'

साहेब हसले. "मुलगी हुशार आहे," म्हणाले. निवेदिकेने घाईघाईने आभार मानायला सुरुवात केली. भोये सरांनी शाल काढून सुरेखाच्या खांद्यावर टाकली, कारण सभागृहात थंडी फार होती.

नोटीस निघाली नाही. टॅब विरळणी होऊन द्राक्षं काढेपर्यंत बागेतच राहिले. कुंपण आता पेठपासून दिंडोरीपर्यंत लांबलचक झालंय आणि सोहमने कारणांच्या यादीत चौथा पर्याय घातला आहे, याचा त्याला फार अभिमान आहे. शाळेचा ठिपका हिरवागार आहे. भोये सरांची गाडी मात्र दोनदा बंद पडली आणि त्यांच्या पाठीला पट्टा लागला. दुसऱ्या शिक्षकासाठी त्यांनी अर्ज केला, तेव्हा वरून विचारणा झाली, की दोन्हीकडचं काम उत्तम चालू असताना दुसरा कशाला हवा.

सुरेखाचा प्रश्न अजून माझ्याकडे आहे. रोज सकाळी मशीन विचारतं, 'या प्रश्नाचे उत्तर मिळाले आहे. बंद करायचा का?' मी रोज 'नाही' दाबते. हे लिहितेय तेव्हा दिवाळीची खरेदी चालली आहे. चार दिवसांनी पाड्यावर बोचकी बांधायला सुरुवात होईल. एकोणीसची आता बावीस मुलं झाली आहेत. सर एकच आहेत.